९ टक्क्यांवरच मोबाईल का बंद पडतो? ज्यानं पहिली बॅटरी बनवली, त्यालाही हे पटलं नव्हतं

सकाळची लोकल. डोंबिवलीला कसंबसं आत शिरून चौथ्या सीटवर अर्धं टेकायला मिळालंय. मोबाईलवर १४ टक्के चार्जिंग. कोपर गेलं, दिवा गेलं, मुंब्र्याला ९ टक्के. आणि कळवा यायच्या आत स्क्रीन काळी.

गाणी बंद झाल्याचं दुःख नसतं हो. पण तिकीट मोबाईलमध्येच असतं. ठाण्याला पुलावर पांढरा शर्ट, काळा कोट दिसला की पोटात गोळा येतो, कारण दाखवता न येणारं तिकीट हे तिकीट नसतंच. माझ्यासोबत हे घडलंय. दंड भरला, चूक माझीच होती. पण एक प्रश्न डोक्यात राहिला. ९ टक्के शिल्लक होते, ते गेले कुठं?

उत्तर शोधत गेलं की २२५ वर्षं मागं जावं लागतं, इटलीतल्या एका तलावाकाठच्या गावात.

गावाचं नाव कोमो. आपल्या ठाण्याला जसे तलाव, तसा कोमोला एक भलामोठा तलाव. तिथं १८ फेब्रुवारी १७४५ ला अलेस्सांद्रो व्होल्टा जन्मला. घराणं खानदानी, पण तिजोरी रिकामी. पोरगं चार वर्षांचं होईपर्यंत धड बोलत नव्हतं, त्यामुळे घरच्यांना वाटायचं की हे मंद आहे. पुढं वडील लवकर गेले, मागं कर्ज राहिलं आणि नातेवाईकांनी त्याला वाढवलं. घरात बरेच जण चर्चच्या सेवेत गेलेले, त्यामुळे यानंही तिकडंच जावं किंवा वकील व्हावं अशी अपेक्षा होती. त्याला मात्र विजेचं वेड लागलं. अठरा-एकोणीस वर्षांचा असताना तो त्या काळातल्या नावाजलेल्या शास्त्रज्ञांना थेट पत्रं लिहून आपल्या कल्पना कळवत होता.

तेव्हाची वीज म्हणजे काय? काच किंवा राळ घासायची, ठिणगी पाडायची, संपलं. घरात दिवे वगैरे फार पुढची गोष्ट. १७७५ मध्ये व्होल्टानं एक उपकरण सुधारून लोकांसमोर आणलं. राळेची एक थाळी घासून घ्यायची, मग तिच्यावर धातूची चकती ठेवून, बोट लावून उचलायची. एकदा घासलेल्या थाळीवरून पुन्हा पुन्हा ठिणगी मिळायची. त्यानं त्याला नाव दिलं कायमचा वीजवाहक. हा कायमचा शब्द लक्षात ठेवा, गोष्टीत तो परत येणार आहे.

पुढच्याच वर्षी स्वारी माज्जोरे नावाच्या तलावावर होती. काठच्या चिखलात काठी खुपसली की बुडबुडे येतात, हे आपल्या खाडीच्या चिखलातही दिसतं. आपण नाक दाबून पुढं जातो. यानं ते बुडबुडे बाटलीत भरून घेतले आणि ठिणगीनं पेटवून पाहिले. आज आपण त्या वायूला मिथेन म्हणतो. मग त्यानं वायूवर चालणारं पिस्तूल बनवलं आणि एक भन्नाट कल्पना मांडली. कोमोपासून मिलानपर्यंत तार टाकायची, इकडून वीज सोडायची आणि तिकडं पिस्तुलाचा बार उडवायचा. संदेश पोचला! तारायंत्र यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

या कामांमुळे त्याला पाविया विद्यापीठात प्राध्यापकी मिळाली. आयुष्य सुरळीत चाललं होतं, प्रेमाचं सोडून. मारियाना पारिस नावाच्या एका ऑपेरा गायिकेवर त्याचा जीव जडला होता. पण खानदानी घरात गाणारी सून? घरच्यांनी ठाम विरोध केला आणि ते लग्न झालंच नाही. अख्ख्या युरोपात नाव झालेला हा माणूस घरात मात्र हरला. १७९४ मध्ये, वयाच्या ४९ व्या वर्षी, त्यानं तेरेझा पेरेग्रिनीशी लग्न केलं. त्यांना तीन मुलं झाली.

आता गोष्टीत बेडूक येतो.

बोलोन्याच्या लुईजी गॅल्व्हानीला दिसलं होतं की मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन वेगळे धातू लावले की पाय झटका मारतो. १७९१ मध्ये त्यानं जाहीर केलं की प्राण्याच्या शरीरातच वीज असते. व्होल्टाला आधी हे पटलं. मग शंका आली की वीज बेडकातून येते की धातूंमधून? त्यानं बेडूक बाजूला ठेवला आणि स्वतःची जीभ वापरली. जिभेवर कथिलाचा पातळ पत्रा आणि चांदीचं नाणं ठेवून दोन्ही एकमेकांना टेकवले, की आंबटसर चव यायची. चॉकलेटची चांदी चुकून जुन्या पद्धतीनं भरलेल्या दाताला लागल्यावर जी कळ जाते ना, प्रकार तोच.

पुढची काही वर्षं दोघांच्या समर्थकांत जोरदार वाद चालला. मधेच राजकारण घुसलं. नेपोलियननं उत्तर इटली घेतली आणि नव्या सरकारशी निष्ठेची शपथ घ्यायला गॅल्व्हानीनं नकार दिला. त्याची नोकरी गेली आणि १७९८ च्या डिसेंबरमध्ये तो वारला. व्होल्टानं मात्र ऑस्ट्रियन आले तेव्हा ऑस्ट्रियनांशी आणि फ्रेंच आले तेव्हा फ्रेंचांशी जमवून घेतलं. खरं सांगायचं तर इथं मला गॅल्व्हानी जास्त आवडतो. तरी फटका व्होल्टालाही बसलाच. १७९९ मध्ये ऑस्ट्रियन सैन्य परत आलं, पाविया विद्यापीठ बंद झालं आणि हा कोमोला घरी येऊन बसला.

त्याच काळात त्यानं ती वस्तू बनवली.

एक चांदीची चकती. तिच्यावर जस्ताची चकती. त्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा. पुन्हा चांदी, जस्त, पुठ्ठा. अशी चळत रचत जायची आणि वरच्या व खालच्या टोकाला हात लावायचा. झटका! पण ठिणगीसारखा एकदाच नाही, तर सलग वाहणारा. जगातला पहिला स्थिर विजेचा प्रवाह तो हाच. २० मार्च १८०० ला त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पत्र लिहून हे सगळं कळवलं. या पठ्ठ्यानं तारा स्वतःच्या कानातही घालून पाहिल्या होत्या. काहीतरी रटरटल्यासारखा आवाज आला. तो प्रयोग त्यानं फारसा पुढं नेला नाही, हे बरंच झालं.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. पत्र जाहीरपणे वाचलं जायच्या आतच, मे महिन्यात, लंडनमध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी तशीच चळत रचून पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे केले. १८०१ मध्ये व्होल्टानं पॅरिसला नेपोलियनसमोर प्रयोग करून दाखवले. सुवर्णपदक मिळालं, पुढं पेन्शन आणि १८१० मध्ये काउंट ही पदवी.

ही बॅटरी चालायची किती वेळ, हे मात्र त्या सोहळ्यात कुणी विचारत नव्हतं. तासाभरात ती मलूल व्हायची. वरच्या चकत्यांच्या वजनानं पुठ्ठ्यातलं पाणी पिळून बाहेर यायचं. धातूवर हायड्रोजनचे बुडबुडे चिकटून प्रवाह अडवायचे. जस्त झिजत जायचं. थोडक्यात, बॅटरी बॅकअपची तक्रार पहिल्या बॅटरीइतकीच जुनी आहे.

व्होल्टाला चकत्यांवर चढणारा गंज दिसत होता. पण त्याच्या मते तो किरकोळ प्रकार होता. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की वीज आपोआप वाहते आणि तत्त्वतः ती कधी संपायचं कारण नाही, असं तो मानत राहिला. तोच तो कायमचा! खरी गोष्ट उलटी होती. जस्त खर्च होत होतं म्हणूनच वीज मिळत होती. बॅटरी म्हणजे विजेची टाकी नव्हे, ती एक रासायनिक क्रिया आहे आणि त्या क्रियेत काहीतरी झिजतंच. हे त्याच्या हयातीतच काही शास्त्रज्ञ म्हणत होते. पुढं १८३६ मध्ये डॅनियलनं बुडबुड्यांची अडचण दूर करणारा सेल बनवला आणि बॅटरी तासन्‌तास टिकू लागली. आपल्याकडं १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली आणि दीड-दोन वर्षांत मुंबई, आग्रा, कलकत्ता, मद्रास तारेनं जोडली गेली. त्या तारांमधली वीज बॅटऱ्यांचीच होती.

आता मुंब्र्याच्या पुढं गेलेल्या ९ टक्क्यांकडं येऊ.

मोबाईलच्या बॅटरीत जस्त नसतं, लिथियम असतं. चार्ज करताना ते एका बाजूकडून दुसरीकडं जातं आणि वापरताना परत येतं. दर फेरीत थोडं लिथियम एका थरात अडकून पडतं, ते कायमचंच. बॅटरी जुनी होते तसा तिच्या आतला अडथळाही वाढतो. अशा वेळी कॅमेरा उघडला किंवा नेटवर्क शोधताना फोननं जोर लावला की व्होल्टेज एकदम खाली येतं आणि फोन स्वतःला बंद करून घेतो. स्क्रीनवरचे टक्के हा फक्त अंदाज असतो. व्होल्ट पडले की तो अंदाज कामाचा राहत नाही.

ही झीज थांबवता येत नाही, हळू करता येते. सर्वात मोठा शत्रू उष्णता. मे महिन्यात घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये डॅशबोर्डवर उन्हात ठेवलेला फोन, उशीखाली चार्जिंगला लावलेला फोन, जाड कव्हरमध्ये चार्ज होताना गेम खेळला जाणारा फोन, यांची बॅटरी लवकर म्हातारी होते. दुसरी गोष्ट म्हणजे बॅटरी सतत १०० टक्क्यांवर ठेवू नका आणि शून्यापर्यंतही नेऊ नका. २० ते ८० च्या मधे ती खूश असते. बऱ्याच फोनमध्ये ८० टक्क्यांना चार्जिंग थांबवायची सेटिंग असते, ती चालू करा. कसारा घाटासारख्या ठिकाणी नेटवर्क जातं तेव्हा एअरप्लेन मोड लावा, नाहीतर फोन टॉवर शोधून दमतो. ब्राइटनेस कमी केला तर दिवस निघतो. नवीन फोन आधी आठ तास चार्ज करायचा हा सल्ला जुन्या निकेल बॅटऱ्यांच्या काळातला आहे, तो काकांना प्रेमानं परत करा. आणि सारखी सगळी अ‍ॅप्स सरकवून बंद करण्यानं काही वाचत नाही. उलट ती पुन्हा पहिल्यापासून उघडताना जास्त बॅटरी जाते.

व्होल्टानं १८०० नंतर या विषयात फारसं नवं केलं नाही. १८१४ मध्ये त्याचा एक मुलगा, फ्लामिनिओ, ऐन तारुण्यात गेला. १८१९ मध्ये निवृत्त होऊन तो कोमोजवळच्या कामनागो गावी राहिला आणि ५ मार्च १८२७ ला वारला. १८८१ मध्ये पॅरिसच्या परिषदेत विजेच्या दाबाच्या एककाला त्याचं नाव मिळालं. पॉवर बँक उलटी करून बघा, बारीक अक्षरात ३.७ व्होल्ट किंवा त्याच्या आसपासचा आकडा सापडेल.

त्याच्या बॅटरीला शंभर वर्षं होत आली म्हणून १८९९ मध्ये कोमोत मोठं प्रदर्शन भरवलं होतं. त्याला आग लागली आणि त्यानं हातानं वापरलेली बरीच उपकरणं जळून गेली. जी वाचली ती, आणि जळालेल्यांच्या प्रतिकृती, आज कोमोच्या तलावाकाठी त्याच्या शंभराव्या पुण्यतिथीनिमित्त बांधलेल्या संग्रहालयात ठेवल्या आहेत.