लोखंडी नांगराचा हिशेब

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे चरित्र सांगताना बहुधा निवडुंगाच्या माळावर उभ्या राहिलेल्या कारखान्यापासून आरंभ करण्यात येतो. त्या माळाचे नवल आहेच. परंतु या उद्योजकाची खरी परीक्षा त्यापूर्वी बेळगावात झाली, आणि ती घेतली सामान्य शेतकऱ्याने.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पण सुमारे दोन वर्षांनी आपल्या दृष्टीला काही रंगांतील भेद नीट कळत नाही, असे त्यांच्या ध्यानात आले. रंग सुटले, रेषा हाती राहिली. यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास करून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तेथे हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थास मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. कायम पगाराची जागा सोडणे त्या काळच्या मध्यमवर्गास वेडेपणाचे वाटे. आजही फारसे निराळे वाटत नाही.

बेळगावी थोरले बंधू रामुअण्णा यांच्या साह्याने सायकलींचे दुकान चालू होते. मात्र सायकल ही तेव्हा मूठभर सुखवस्तूंची चैन होती. लक्ष्मणरावांचे लक्ष शेताकडे वळले. प्रथम त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि मग लोखंडी नांगर.

या नांगराला गिऱ्हाईक मिळेना. पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली. लोखंडामुळे जमिनीला विष बाधते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि चरित्रकार या विरोधाची वासलात अंधश्रद्धा या एका शब्दात लावतात. तेवढ्याने समाधान होत नाही. परंपरागत लाकडी नांगराचा फाळ लोखंडाचाच असे, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या जमिनीत जात होता. तेव्हा विषाच्या भीतीआड दुसरा काही हिशेब असणार, असे मानणे अधिक न्याय्य होय.

तो हिशेब समजण्यास दोन्ही अवजारांचे काम पाहावे लागते. लाकडी नांगर जमीन फोडतो, उलटवीत नाही. त्याचे तास निमुळते पडते व दोन तासांमधील वरंबा अनांगरलेला राहतो. हरळीची मुळी तशीच जिवंत राहते. लोखंडी नांगराच्या फाळामागे वक्र पत्रा असतो. फाळाने कापलेली माती त्यावरून चढते आणि पालथी पडते. तण गाडले जाते, खालचे ढेकूळ उन्हात तापते. कामाच्या दर्जात तुलनाच नव्हती.

पण शेतकऱ्याला केवळ काम पाहून भागत नाही. लाकडी नांगर गावचा सुतार बाभळीच्या लाकडातून घडवी, फाळ बोथटला की लोहार शेवटून देई, आणि दोघांना वर्षाकाठी बलुते म्हणून धान्य मिळे. नव्या नांगराला आधी रोख पैसा हवा. त्याचा ओतीव फाळ झिजला तर लोहाराच्या भात्यावर तो घडवता येत नाही, कारण ओतीव लोखंड ठोकले की फुटते. नवाच फाळ विकत आणावा लागतो. खोल नांगरटीस बैलांच्या अधिक जोड्या लागतात, म्हणजे सावड आली. ज्याच्यापाशी दोनच बैल आणि रोख रक्कम शून्य, त्याने जुन्या नांगराला धरून राहणे हा अडाणीपणा नव्हता. अवजार घेताना ते ओढणार कोण, मोडल्यावर सांधणार कोण आणि सुटा भाग मिळणार कोठे, हे तीन प्रश्न त्याला किंमतीइतकेच महत्त्वाचे होते. ट्रॅक्टरसाठी कर्ज काढणाऱ्या दोन एकरांच्या धन्याला तेच प्रश्न आज कोणी विचारीत नाही, ही गोष्ट वेगळी.

लक्ष्मणरावांचा मोठेपणा असा की, गिऱ्हाइकाला नावे ठेवीत ते बसले नाहीत. नांगर करीत राहिले, आणि एकाच्या शेतातील तास पाहून दुसऱ्याने नांगर न्यावा, अशा धीम्या गतीने मागणी वाढत गेली.

इतक्यात बेळगाव नगरपालिकेने उपनगराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा मागितली. उद्योग नुकता कोठे रुजत होता, तो मुळासकट उपटला गेला. या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन व १०,००० रुपये बिनव्याजी दिले. निवडुंग आणि नाग यांनी भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. सुमारे २५ कामगार आपल्या कुटुंबांसह तेथे आले. पाण्यापासून घरांपर्यंत सारे नव्याने करावयाचे होते. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी तेथे पहारेकरी नेमले, यावरून त्यांची माणसांची पारख दिसते.

पहिल्या महायुद्धात आयात आटली. लोखंड मिळेना, कोळसा मिळेना. भट्टीत लाकडी कोळसा जाळला गेला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या, त्या वितळवून नांगर झाले. युद्धाने परदेशी माल बाजारातून हटवला हा योग खरा. पण ज्याची भट्टी पेटती राहिली त्यालाच तो लाभला. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी स्थापन झाली. पुढे उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, पंप अशी मालिकाच निघाली. १९४० नंतर हरिहर व पुणे येथे नवे कारखाने निघाले. त्यांचा पसारा चिरंजीव शंतनुरावांच्या पिढीचा.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. १९६९ साली जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. किर्लोस्करवाडीत आज पंप होतात. आणि ज्या लोखंडी नांगराला दोन वर्षे गिऱ्हाईक नव्हते, तो पुढे दक्षिण महाराष्ट्रात इतका रुळला की लाकडी नांगर हीच पाहावयास मिळणे दुर्मीळ अशी वस्तू झाली.