विश्लेषण : बार्शी लाइट रेल्वेचे जनक एव्हरार्ड काल्थ्रॉप कोण होते? ठोकळ्यांची रेल्वे करणाऱ्यांनी त्यांच्याकडून काय शिकावे?

सुट्टीत घरोघरी प्लास्टिकच्या ठोकळ्यांची रेल्वे तयार होते. इंजिनात मोटर बसते, बॅटरी जोडली जाते, मागे चार डबे लागतात आणि बटण दाबले की चाके जागच्या जागी गरगर फिरतात. गाडी मात्र हलत नाही. मोटर कमजोर आहे, असे वाटते. बहुतेक वेळा चूक मोटरीची नसते, वजन कोणत्या चाकावर पडले त्याची असते. सव्वाशे वर्षांपूर्वी याच प्रश्नाचा हिशेब एका इंजिनीअरने मांडला आणि त्यावर बार्शीची छोटी रेल्वे उभी केली. ती रेल्वे पुढे धाराशिव जिल्ह्यातून लातूरला गेली आणि शंभर वर्षांहून अधिक काळ चालली. त्या इंजिनीअरचे नाव एव्हरार्ड रिचर्ड काल्थ्रॉप.

कोण होते काल्थ्रॉप?

काल्थ्रॉप यांचा जन्म ३ मार्च १८५७ रोजी इंग्लंडमध्ये एका शेतकरी कुटुंबात झाला. सात भावांत ते थोरले. त्यांचे एक धाकटे भाऊ गाय काल्थ्रॉप पुढे इंग्लंडमधील एका मोठ्या रेल्वे कंपनीचे महाव्यवस्थापक झाले. एव्हरार्ड यांनी सुरुवातीला रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या नावाच्या प्रसिद्ध इंजिन कारखान्यात काम केले. १८७४मध्ये ते क्रू येथील रेल्वे कारखान्यात उमेदवारीला लागले. १८७९मध्ये ते ग्रेट वेस्टर्न रेल्वेत गेले आणि स्विंडनच्या डबे-वाघिणींच्या कारखान्यात सहायक व्यवस्थापक झाले. म्हणजे इंजिन आणि डबा या दोन्हींची जडणघडण त्यांनी पंचविशीच्या आतच हाताखालून घातली होती.

१८८२मध्ये ते ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत, म्हणजे आपल्या ओळखीच्या ‘जीआयपी’त, लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून भारतात आले. मुंबईहून सोलापूरमार्गे रायचूरकडे जाणारा मोठा लोहमार्ग तेव्हा सुरू झालेला होता. पण या मार्गापासून वीस-पंचवीस मैल आत असलेल्या बाजारपेठांचा माल अजून बैलगाडीनेच येत होता. मोठ्या मार्गाला आतल्या भागातून माल आणून देणारे स्वस्त, हलके फाटे हवेत, हा विचार त्यांच्या मनात इथेच पक्का झाला.

त्यांची नजर बार्शीवर का पडली?

बार्शी ही कापूस आणि गळिताच्या धान्याची जुनी पेठ. हा तालुका इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यातला. त्याच्या पलीकडे लागलेला आजचा धाराशिव जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. बालाघाटच्या पठारावरचा माल बार्शीत उतरे. तिथून जीआयपीचे ‘बार्शी रोड’ स्थानक, म्हणजे आजची कुर्डुवाडी, सुमारे २१ मैलांवर, ३४ किलोमीटरवर होते.

एवढ्या अंतरासाठी रुंद मार्ग टाकणे परवडणारे नव्हते. काल्थ्रॉप यांनी २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीचा मार्ग सुचवला. रुंद मार्गाची रुंदी १६७६ मिलिमीटर असते, म्हणजे हा त्याच्या निम्म्याहूनही अरुंद. परवानग्या आणि वाटाघाटी यांत वर्षे गेली. दरम्यान काल्थ्रॉप जीआयपीची नोकरी सोडून मायदेशी परतले. अखेर १८९५मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि ते तिचे सल्लागार इंजिनीअर झाले. १८९७मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाउन ही गाडी सुरू झाली.

पाच टनांचा हिशेब काय होता?

अरुंद मार्ग काल्थ्रॉप यांच्या आधीही होते. पण तिथे गाड्याही लहानच असत आणि त्यामुळे माल थोडा जाई. काल्थ्रॉप यांनी वेगळा नियम घातला : गाडीच्या कोणत्याही एक्सलवर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. मग ते इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालाची वाघीण.

यातली मेख समजून घेण्यासारखी आहे. संपूर्ण गाडीत एकाच एक्सलवर आठ टन भार आला, तरी सगळ्या मार्गावरचे रूळ आणि पूल आठ टनांच्या हिशेबाने बांधावे लागतात. उलट प्रत्येक एक्सलवर सारखाच भार ठेवला, तर हलक्या रुळावरूनही जड गाडी जाते. बार्शी मार्गावर सुरुवातीला यार्डाला ३० पौंड वजनाचे, म्हणजे मीटरला साधारण १५ किलोचे रूळ टाकले गेले. आजच्या मुख्य मार्गांवर मीटरला ६० किलोचे रूळ असतात.

इंजिनेही याच बेताने झाली. लीड्सच्या किटसन कंपनीने बनवलेल्या इंजिनांना सहा एक्सल होते. त्यांतले चार, म्हणजे आठ चाके, वाफेच्या जोरावर फिरणारे आणि मागचे दोन नुसते आधाराचे. पाच टनांच्या नियमाने ओढणाऱ्या चाकांवर २० टनांपर्यंत भार ठेवता आला. चाक रुळाला जितके घट्ट टेकते तितके ते कमी घसरते. ठोकळ्यांच्या इंजिनाची चाके जागीच का फिरतात, याचे उत्तर इथे आहे.

वाघिणींसाठी त्यांनी सगळीकडे एकच सांगाडा वापरला. तो २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद. खाली तोच सांगाडा ठेवून वर गरजेप्रमाणे उघडी किंवा बंद वाघीण बसवायची. हा सांगाडा दाब देऊन वळवलेल्या पोलादी पत्र्याचा होता. कडा दुमडलेला पत्रा सपाट पत्र्यापेक्षा फार ताठ राहतो. त्यामुळे वाघिणीचे स्वतःचे वजन घटले आणि तेवढा माल जास्त भरता आला.

गाड्या भारतात पाठवण्याआधी काल्थ्रॉप यांनी लीड्सजवळ न्यूले येथे खास चाचणी-मार्ग टाकून त्या चालवून दाखवल्या. अरुंद मार्ग म्हणजे खेळणे, असा समज असलेल्या रेल्वेवाल्यांना हे डोळ्यांनी पाहणे गरजेचे होते.

धाराशिव जिल्ह्याला काय मिळाले?

बार्शीचा प्रयोग यशस्वी झाल्यावर मार्ग दोन्हीकडे वाढला. १९०६मध्ये कुर्डुवाडीहून पंढरपूरला गाडी पोहोचली आणि वारकऱ्यांची सोय झाली. दुसऱ्या बाजूला बार्शीहून पांगरी, येडशी, तडवळे, ढोकी असा धाराशिव जिल्ह्याला स्पर्श करत मार्ग १९११मध्ये लातूरला गेला. लातूरची पेठ वाढली त्यात या मार्गाचा वाटा मोठा आहे.

धाराशिव शहराच्या वाट्याला मात्र ही रेल्वे आली नाही. मार्ग येडशीवरून थेट तडवळ्याकडे वळला. जिल्ह्याचे ठिकाण बाजूला राहिले. शहरातल्या माणसाला गाडी पकडायची तर आधी दुसऱ्या वाहनाने येडशी गाठावी लागे. हलक्या रेल्वेने जिल्ह्याला जगाशी जोडले, पण जिल्ह्याच्या मुख्य गावाला जवळपास शंभर वर्षे स्थानकाची वाट पाहावी लागली.

इंग्लंडमध्ये त्यांनी काय केले?

त्यांच्या मायदेशात काल्थ्रॉप यांचे नाव घेतले जाते ते लीक अँड मॅनिफोल्ड या खोऱ्यातल्या रेल्वेसाठी. ती १९०४मध्ये सुरू झाली. रुंदी बार्शीचीच, ७६२ मिलिमीटर. तिच्या दोन इंजिनांपैकी एकाला काल्थ्रॉप यांचेच नाव दिले होते.

अरुंद मार्गाची एक मोठी अडचण म्हणजे मोठ्या मार्गाला मिळताना माल उतरवून पुन्हा भरावा लागतो. कुर्डुवाडीला हे काम सतत चाले. मॅनिफोल्ड मार्गावर काल्थ्रॉप यांनी यावर तोड काढली. मोठ्या मार्गाची अख्खी वाघीण पाठीवर घेऊन जाणारी बुटकी वाघीण त्यांनी वापरात आणली. पण त्या खोऱ्यात माल आणि माणसे दोन्ही कमी. १९३४मध्ये हा मार्ग बंद पडला आणि आज त्यावर पायवाट आहे. रचना दोन्हीकडे एकाच डोक्यातली. तरीही बार्शीची गाडी टिकली आणि तिकडची गेली, कारण बार्शीला पाठीमागे मोठा मुलूख होता.

रेल्वेचा माणूस पॅराशूटकडे कसा वळला?

जुलै १९१०मध्ये रोल्स-रॉइस कंपनीचे संस्थापक चार्ल्स रोल्स बोर्नमथ येथे विमान कोसळून मरण पावले. ते काल्थ्रॉप यांचे मित्र होते. या घटनेनंतर काल्थ्रॉप विमानातून जिवंत उतरण्याचे साधन शोधण्यामागे लागले. त्यांनी केलेल्या पॅराशूटचे नाव ‘गार्डियन एंजल’, म्हणजे पाठराखण करणारा देवदूत.

विमानाला बांधलेल्या डब्यात छत्री घडी घालून ठेवलेली असे. माणसाने उडी मारली की त्याच्याच वजनाने दोर आणि छत्री ठरलेल्या क्रमाने बाहेर येत. वजनाला वाट आखून दिली की तेच वजन कामाला येते, हा विचार इथेही होता.

१९१७मध्ये थॉमस ऑर्ड-लीस या अधिकाऱ्याने लंडनच्या टॉवर ब्रिजवरून या पॅराशूटने उडी मारून दाखवली. इतक्या कमी उंचीवरही छत्री उघडली. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या हद्दीत हेर उतरवण्यासाठी ती वापरली गेली. पण ब्रिटिश वैमानिकांना लढाईत पॅराशूट मिळालेच नाही. ते जड आहे, विमानात जागा नाही, अशी कारणे दिली गेली. पॅराशूट हाताशी असेल तर वैमानिक विमान लवकर सोडून देतील, अशी शंकाही अधिकाऱ्यांच्या मनात होती. १९१८मध्ये जर्मन वैमानिक पॅराशूट वापरू लागले, तरी ब्रिटिश वैमानिक पेटत्या विमानात मरत राहिले. काल्थ्रॉप यांनी न्यूलेला गाडी चालवून रेल्वेवाल्यांचे मन वळवले होते. लष्कराच्या बाबतीत यशस्वी चाचणीही पुरली नाही.

त्यांचा आणखी एक छंद अरबी घोडे वाढवण्याचा. घोड्याला मारझोड न करता मायेने कसे शिकवावे, यावर त्यांनी १९२०मध्ये पुस्तक लिहिले. ३० मार्च १९२७ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी बार्शी लाइट पंढरपूरहून मिरजेला पोहोचली आणि मिरज ते लातूर हा ३२५ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला.

बार्शी लाइट ठोकळ्यांतून कशी करता येईल?

आधी प्रमाण ठरवा. लेगोच्या रुळांमधले अंतर साधारण ३८ मिलिमीटर असते. ७६२ला ३८ने भागले की २० येतात. म्हणजे १:२० हे प्रमाण. काल्थ्रॉप यांची २५ फुटी वाघीण या हिशेबाने ३८ सेंटीमीटर लांब आणि सुमारे साडेदहा सेंटीमीटर रुंद होते.

अडचण वळणावर येते. लेगोच्या नेहमीच्या वळणाची त्रिज्या फक्त ३२ सेंटीमीटर असते, वाघिणीच्या लांबीपेक्षाही कमी. म्हणून वाघिणीच्या दोन्ही टोकांशी चार-चार चाकांच्या फिरत्या ट्रॉल्या लावा. तरीही अडखळत असेल तर वळण मोठे घ्या किंवा वाघीण आखूड करा. इंजिनाची आठ चाके एका रांगेत वळत नाहीत. मधल्या चाकांना कडा नसलेली चाके लावली की काम होते.

लांब सांगाडा मधे वाकतो. गवंडी विटा रचताना सांधेमोड करतो, तसे ठोकळ्यांचे जोड एकावर एक येऊ देऊ नका आणि कडेने उभी पट्टी द्या. दुमडलेल्या पत्र्याचे काम ती पट्टी करते.

मोटर बसवताना पाच टनांचा नियम आठवा. बॅटरीचा डबा हा गाडीतला सर्वांत जड भाग. तो मागच्या डब्यात न ठेवता इंजिनात, मोटरीने फिरणाऱ्या चाकांच्या बरोबर वर ठेवा. त्या चाकांना रबरी कडी घाला. ८ दात्यांच्या चक्राने २४ दात्यांचे चक्र फिरवले तर वेग एक तृतीयांश होतो, पण घर्षणात जाणारा भाग सोडला तर ओढ जवळपास तिप्पट मिळते. बार्शी लाइट वेगासाठी कधी ओळखली गेली नाही, त्यामुळे हा सौदा तिला शोभणारा आहे.

आज काय उरले?

१९५४मध्ये सरकारने ही रेल्वे ताब्यात घेतली. नंतर मार्ग रुंद करण्याचे काम झाले आणि त्या वेळी आखणी बदलून तो धाराशिव शहरातून नेण्यात आला. २००७मध्ये लातूर ते धाराशिव आणि २००८मध्ये धाराशिव ते कुर्डुवाडी रुंद मार्ग सुरू झाला. आता सोलापूर–तुळजापूर–धाराशिव या नव्या मार्गाचे काम हाती आहे. येडशी, कळंब रोड, ढोकी ही स्थानके वेळापत्रकात आजही आहेत, छोटे रूळ मात्र गेले.

तिशीच्या आतल्या मुलांनी ती गाडी धावताना पाहिली असण्याची शक्यता कमीच. शाळेच्या प्रदर्शनात कुणी ती ठोकळ्यांतून उभी केली, तर आजोबांना तिच्यातून केलेला प्रवास आठवेल आणि नातवाला पाच टनांचा हिशेब कळेल.