जनरल गॉर्डन यांची छडी

जुन्या लष्करी अंमलदारांच्या आंखूड छड्या जमविण्याचा छंद कित्येकांस असतो. कोणी वेताची जात पाहतो, तर कोणी मुठीवरील पलटणीचें चिन्ह. या छडीचें कूळ फार जुनें आहे. रोमन सैन्यांतील शताधिपति द्राक्षवेलीची काठी बाळगीत व प्रसंगीं तिनें शिपायांस चोपही देत. इतिहासांत विशेष गाजलेल्या एका छडीचा मान मात्र मारण्यांत नव्हता. तिच्या धन्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

चार्ल्स जॉर्ज गॉर्डन यांचा जन्म इंग्लंडांत वुलिच येथें ता. २८ जानेवारी १८३३ रोजीं झाला. १८५२ मध्यें ते लष्करी इंजिनियर झाले व पुढें क्रिमियाच्या युद्धांत लढले. १८६३ सालीं तायपिंग बंडखोरांशीं झुंजणाऱ्या एका चिनी फौजेचें आधिपत्य त्यांजकडे आलें. गोळ्यांच्या वर्षावांत केवळ वेताची छडी हातीं घेऊन ते पुढें चालत. शिपायांस ती जादूची कांडीच वाटे.

त्याच वर्षीं डिसेंबरांत सुचौ शहर पडलें. शरण येणाऱ्या सरदारांस गॉर्डन यांनीं जीवदानाचा भरंवसा दिला होता. परंतु चिनी सुभेदार ली हुंग-चांग यांनीं त्यांचा शिरच्छेद करविला. दिलेला शब्द मोडला गेला याचा गॉर्डन यांस इतका संताप आला कीं, बादशहानें पाठविलेलें १०,००० तैल रुप्याचें बक्षीस त्यांनीं नाकारलें.

मायदेशीं परतल्यावर १८६५ ते १८७१ पर्यंत ग्रेव्हसेंड येथें त्यांनीं गरीब मुलांस शिकविलें व कित्येकांस जहाजांवर नोकऱ्या मिळवून दिल्या. १८७४ पासून सुदानांत ते गुलामांच्या व्यापाराशीं झगडले. १८८० मध्यें व्हाइसरॉयांचे खासगी चिटणीस म्हणून ते मुंबईस उतरले. पण तें काम न रुचल्यामुळें त्यांनीं लागलाच राजीनामा दिला.

१८८४ मध्यें त्यांस पुनः सुदानांत पाठविण्यांत आलें. खार्टूमला महदीच्या सैन्याचा वेढा पडला, तरी नगरवासीयांस सोडून ते गेले नाहींत. ता. २६ जानेवारी १८८५ रोजीं शहर पडलें व ते मारले गेले. मदतीच्या आगबोटी दोन दिवसांनीं, त्यांच्या जन्मदिनींच, येऊन पोहोंचल्या.

छड्या कपाटांत जमवितां येतात. परंतु ज्या हातांत त्या असतात, त्याच्या वचनावरच त्यांचें मोल ठरतें, असें आम्हांस वाटतें.