ज्योतिर्गणिती व्यंकटेश बापूजी केतकर

आडगावच्या शिक्षकास जगाच्या विद्वत्सभेत कोण विचारतो, असे पुष्कळांस वाटते. केतकरांचे चरित्र ही समजूत खोटी ठरविते.

त्यांचा जन्म १८५४ साली नरगुंद येथे झाला. ज्योतिर्गणिताचा वारसा त्यांना पित्याकडून लाभला. शिक्षकी पेशा सांभाळून त्यांनी संस्कृतात ‘ज्योतिर्गणितम्’ हा ग्रंथ रचला.

१९११ साली फ्रान्समधील ज्योतिषसंस्थेच्या नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. गुरूच्या उपग्रहांच्या गतींत लाप्लासला जो मेळ आढळला, तो बाहेरच्या ग्रहांस लावून नेपच्यूनपलीकडे ‘ब्रह्मा’ व ‘विष्णू’ असे दोन ग्रह असावेत, असे त्यांनी मांडले. ब्रह्म्याचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या अंतराच्या ३८.९५ पट व प्रदक्षिणाकाल सुमारे २४२ वर्षे त्यांनी काढला. १९३० च्या फेब्रुवारीत अमेरिकेत प्लूटो सापडला. त्याचे सरासरी अंतर सुमारे ३९.५ पट व काल २४८ वर्षे भरला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये केतकर निवर्तले.

तथापि आम्ही त्यांना प्लूटोचे शोधक म्हणणार नाही. आकड्यांचे हे साम्य योगायोगाचेही असेल. ‘विष्णू’ तर सापडलाच नाही, आणि २००६ पासून प्लूटोची गणना बटुग्रहांत होते. केतकरांचा मोठेपणा निराळा आहे. आपले गणित वहीत न दडविता, जगाने ते पारखावे म्हणून त्यांनी छापून दिले. म्हणूनच त्यातील खरेखोटे आज आपणांस पाहता येते. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात संशोधन करणाऱ्या आमच्या मुलामुलींनी हे धैर्य अंगी बाणवावे, एवढीच आमची इच्छा.