बडोद्याची गादी आणि हिऱ्याची पूड

९ नोव्हेंबर १८७४ च्या सकाळी बडोद्याचे रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर फेरफटका मारून बंगल्यावर परतले. टेबलावर रोजच्याप्रमाणे पपनसाच्या सरबताचा पेला ठेवलेला होता. दोन-तीन घोट घेतल्यावर चव विचित्र लागली, म्हणून उरलेले सरबत त्यांनी बाहेर फेकून दिले. थोड्याच वेळात मळमळ सुरू झाली. पेला पुन्हा हातात घेऊन पाहिला तेव्हा तळाशी काळपट गाळ साचलेला दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी तो तपासला आणि मुंबईला रासायनिक पृथक्करणासाठी पाठवला. गाळात सोमल आणि हिऱ्याची पूड असल्याचा निष्कर्ष निघाला.

सोमल कोणत्याही बाजारात मिळू शकत होता. हिऱ्याची पूड मात्र एकाच दिशेने बोट दाखवत होती. बडोद्यात हिरे कुटून विषात घालण्याची ऐपत राजवाड्याखेरीज कोणाची असणार, असा प्रश्न लगेच उपस्थित झाला. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ज्यांचे नाव घेतले गेले, ते मल्हारराव गायकवाड पाच महिन्यांत गादीवरून दूर झाले. ज्या गुन्ह्यासाठी त्यांच्यावर खटला चालला तो शेवटपर्यंत सिद्ध झाला नाही. पण त्यांच्या पूर्वायुष्यामुळे तो अनेकांना सहज खरा वाटला.

भाऊबंदकीचा वारसा

मल्हाररावांचा जन्म १८३१ सालचा. दुसऱ्या सयाजीरावांचे ते धाकटे पुत्र. १८४७ मध्ये सयाजीराव निवर्तल्यावर थोरले गणपतराव गादीवर आले. १८५६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि सत्ता खंडेरावांकडे गेली. खंडेरावांनंतर मल्हारराव, असा क्रम दिसत होता. पण तो कधी येणार आणि खंडेरावांना मुलगा झाला तर काय, या टांगणीवर धाकट्या भावाचे तारुण्य गेले.

खंडेराव पराक्रमाचे, शिकारीचे आणि जडजवाहिराचे शोकीन होते. १८५७ च्या उठावात इंग्रजांची बाजू घेतल्याने त्यांचे वजन वाढले होते. ब्राझीलच्या खाणीत सापडलेला आणि अॅमस्टरडॅममध्ये पैलू पाडलेला सुमारे १२८ कॅरेटचा ‘स्टार ऑफ द साउथ’ हा हिरा त्यांनी बडोद्याच्या जवाहिरखान्यात आणला. मदिनेच्या पैगंबर-समाधीसाठी अर्पण करण्याच्या हेतूने बसरा मोत्यांचा गालिचा त्यांनीच विणवून घेतला. या झगमगाटापासून काही कोसांवर, पाद्रा येथे, त्यांचा सख्खा भाऊ कैदेत होता.

मल्हाररावांवर १८६३ मध्ये खंडेरावांचा जीव घेण्याचा कट रचल्याचा आरोप आला. कटात विषाचा उल्लेख होता. त्याची कसून न्यायालयीन चौकशी झाली नाही. राजाने आपल्या भावाला पाद्र्यात डांबले आणि प्रकरण मिटवले. सात वर्षे मल्हारराव तेथेच होते. आरोप किती खरा, किती दरबारी कानभरणीचा, हे कोणी तपासले नाही. परंतु भावावर विष घालू पाहणारा माणूस, हा शिक्का त्यांच्या कपाळी कायमचा बसला.

२८ नोव्हेंबर १८७० रोजी खंडेरावांचे निधन झाले आणि पाद्र्याचा कैदी एकाएकी बडोद्याचा महाराज झाला. तरीही चित्त स्थिर होण्यासारखी स्थिती नव्हती. खंडेरावांच्या पत्नी जमनाबाई त्या वेळी गरोदर होत्या. पुत्र झाला तर गादी त्याची, मल्हाररावांचे राज्य तेवढ्यापुरतेच. जमनाबाईंना दिरापासून जिवाचे भय वाटत होते. त्या राजवाडा सोडून रेसिडेन्सीच्या आश्रयाला गेल्या. जुलै १८७१ मध्ये त्यांना कन्या झाली आणि मल्हाररावांची गादी पक्की झाली. जमनाबाई पुढे पुण्यास जाऊन राहिल्या. चार वर्षांनी याच वहिनीच्या हातून गायकवाडांच्या घराण्याचे भवितव्य ठरायचे होते.

सत्ता आणि सूड

सात वर्षांच्या कैदेने मल्हाररावांना शहाणपण दिले नाही. खंडेरावांच्या मर्जीतल्या माणसांचे वेचून हाल सुरू झाले. त्यांचे मंत्री भाऊ शिंदे कैदेत मरण पावले आणि त्यांना विष दिले गेल्याची कुजबुज झाली. जमिनीचा सारा वाढला, सरदारांची आणि सावकारांची वतने व येणी अडकली, भर रस्त्यात फटक्यांच्या शिक्षा झाल्या. भावाच्या वैभवावर मात करण्याची ईर्षाही होतीच. बडोद्याच्या प्रसिद्ध सोन्याच्या तोफा याच ईर्षेतून घडल्याचे मानले जाते.

मार्च १८७३ मध्ये कर्नल फेअर रेसिडेंट म्हणून आले. ते कडक होते, तक्रारदारांना त्यांचे दार उघडे असे. पण दुसऱ्याचे ऐकून घेण्याची सवय त्यांना नव्हती. त्यांच्या अहवालांवरून सर रिचर्ड मीड यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. अनेक तक्रारींत तथ्य असल्याचे आयोगाने मान्य केले आणि जुलै १८७४ मध्ये मल्हाररावांना कारभार सुधारण्यासाठी १८७५ च्या अखेरपर्यंत मुदत मिळाली. दिवाणगिरीवर दादाभाई नौरोजी आले. त्यांच्यासारखा स्वच्छ माणूस दिवाण असताना राज्य सावरण्याची संधी होती. मात्र फेअर यांना दादाभाईही पसंत नव्हते.

त्यातच घरातले आणखी एक प्रकरण पेटले. मल्हाररावांनी १८७४ मध्ये लक्ष्मीबाईंशी लग्न केले. त्या आधीच विवाहित असल्याचा दावा पुढे आला आणि फेअर यांनी या लग्नाला मान्यता देण्याचे टाळले. ऑक्टोबरमध्ये लक्ष्मीबाईंना मुलगा झाला. ज्या वारसासाठी मल्हाररावांनी आयुष्य टांगणीला लावले होते तो घरात आला होता, आणि रेसिडेंट त्याच्या औरसपणाविषयीच शंका घेत होता. २ नोव्हेंबरला महाराजांनी व्हाइसरॉयना खरिता पाठवून फेअर यांची बदली मागितली. त्यानंतर सातव्या दिवशी सरबताच्या पेल्यात विष सापडले.

जवाहिऱ्याची वही

नोव्हेंबरअखेर फेअर यांना हटवण्याचा निर्णय झाला आणि सर लुईस पेली यांची नेमणूक झाली. म्हणजे महाराजांची मागणी एका अर्थी मान्य झाली होती. तपासासाठी मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर बडोद्यास आले. रेसिडेन्सीतला हवालदार रावजी आणि जमादार नरसू यांनी कबुलीजबाब दिले. आपण रात्री राजवाड्यावर जात होतो, पैशाचे आमिष दाखवले गेले, पुड्या हाती आल्या, असे त्यांचे म्हणणे होते. रावजीच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडल्याचे सांगण्यात आले. महाराजांचे खासगी कारभारी दामोदरपंत यांनीही माफीच्या आश्वासनावर तोंड उघडले. सोमल आणि हिरे आपणच मिळवले, खर्च लपवण्यासाठी हिशेबात फेरफार केले, असे त्यांनी सांगितले.

हिरे पुरवल्याचा धागा हेमचंद फत्तेचंद या जवाहिऱ्यापर्यंत गेला. त्याच्या वहीतल्या नोंदी हा सरकार पक्षाचा मोठा आधार होता. पण आयोगासमोर उभा राहिल्यावर त्याने आपला आधीचा जबाब खरा नसल्याचे सांगितले आणि पोलिसांच्या दडपणाकडे बोट दाखवले. ज्या हिऱ्यांनी संशय राजवाड्यापर्यंत नेला, त्यांचाच दुवा साक्षीत ढिला पडला.

गंमत अशी की हिऱ्याची पूड हे जालीम विष, ही समजूत जुनी असली तरी हिरा रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय आहे. त्या पेल्यात माणसाला मारण्याची शक्ती होती ती सोमलात. हिऱ्याचे काम एवढेच, की त्याने विषाला राजघराण्याची खूण चिकटवली. ती खूण खुनी हाताने मूर्खपणे सोडली होती की कोणी हेतुपुरस्सर ठेवली होती, यावर नंतर पुष्कळ वाद झाला.

सहा न्यायाधीश, दोन निकाल

१८७५ च्या जानेवारीत मल्हाररावांना अटक झाली. २३ फेब्रुवारीपासून बडोद्यात चौकशी आयोग बसला. अध्यक्षस्थानी कलकत्त्याचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच होते. त्यांच्यासोबत ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह, सर दिनकरराव राजवाडे, सर रिचर्ड मीड आणि पी. एस. मेल्विल बसले. एका राजावर दोन राजांनी न्यायासनावर बसून विचार करावा, हा प्रसंग हिंदुस्थानात अपूर्व होता. मल्हाररावांच्या बचावासाठी लंडनचे नामांकित वकील सार्जंट बॅलन्टाइन आले. माफीचे साक्षीदार एकमेकांशी कसे जुळवून बोलतात, पोलीस कोठडीत त्यांचे जबाब कसे घडले, यावर त्यांनी उलटतपासणीत भर दिला.

निकाल दुभंगला. तिन्ही युरोपियन सदस्यांनी मल्हाररावांना दोषी ठरवले. शिंदे, रामसिंह आणि दिनकरराव यांच्या मते विषप्रयोगाचा आरोप सिद्ध होत नव्हता. पुरावा एकच, साक्षीदार तेच, ऐकणारे तेच. पण मते वर्णाच्या रेषेवर अगदी सरळ विभागली गेली. देशभर या निकालाची चर्चा झाली. बंगालीत अमृतलाल बसूंनी या घटनेवर ‘हीरकचूर्ण’ हे नाटक लिहिले. मराठीतही मल्हाररावांवर नाटक आले. एरवी बडोद्याच्या जुलमाविषयी बोलणारे लोकही आता महाराजांच्या बाजूने बोलू लागले. मल्हाररावांना जी सहानुभूती पाच वर्षांच्या राज्यात मिळाली नाही ती एका खटल्याने मिळवून दिली.

व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांच्यापुढे मोठा पेच होता. १९ एप्रिल १८७५ च्या जाहीरनाम्याने त्यांनी मार्ग काढला. मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले. पण कारण म्हणून विषप्रयोग पुढे केला नाही. कुप्रसिद्ध वर्तन, राज्यकारभाराची दुर्दशा आणि सुधारणा करण्याची असमर्थता, ही कारणे देण्यात आली. त्यांच्या संततीचाही गादीवरचा हक्क रद्द झाला. म्हणजे खटला एका गुन्ह्याचा चालला आणि शिक्षा दुसऱ्याच कारणासाठी झाली. राज्यकारभाराचाच दोष असेल, तर डिसेंबरपर्यंत दिलेली मुदत मधेच का संपवली, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नव्हते.

मल्हाररावांची रवानगी मद्रासला झाली. इकडे जमनाबाई पुण्याहून सन्मानाने परतल्या. त्यांना दत्तक घेण्याचा अधिकार मिळाला आणि नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या गायकवाड शाखेतला गोपाळराव हा बारा वर्षांचा मुलगा त्यांनी निवडला. २७ मे १८७५ रोजी तो सयाजीराव झाला आणि पुढे शिक्षण व समाजसुधारणेत नाव कमावलेला राजा ठरला. ज्या वहिनीला मल्हाररावांच्या भीतीने राजवाडा सोडावा लागला, तिच्याच मांडीवर नवा वारस बसला; लक्ष्मीबाईंचा मुलगा मात्र वारसाच्या यादीतून पुसला गेला.

कोल्हापूरचा पडसाद

मल्हारराव १८८२ मध्ये मद्रासला निवर्तले. त्याच वर्षी मराठी मुलूख दुसऱ्या एका संस्थानाच्या प्रकरणाने ढवळून निघाला होता. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा छळ होत असल्याची बातमी पसरली होती. कारभारी माधवराव बर्वे महाराजांच्या जिवावर उठल्याचे दाखवणारी पत्रे ‘केसरी’ आणि ‘मराठा’मधून प्रसिद्ध झाली. ती बनावट ठरली आणि अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा होऊन डोंगरीच्या तुरुंगात जावे लागले. पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ रोजी, अहमदनगरच्या किल्ल्यात पहाऱ्यावरील गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराजांचा अंत झाला.

दोन्ही प्रकरणांची माणसे आणि तपशील वेगळे. बडोद्याचा राजा आरोपी होता, कोल्हापूरचा राजा बळी. तरी लोकांच्या मनात ती शेजारी बसली, कारण दोन्हीकडे कागद एक सांगत होते आणि लोकांचा विश्वास दुसऱ्याच गोष्टीवर होता. पुढे १८९१ मध्ये राजर्षी शाहू महाराजांचा विवाह बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी झाला आणि दोन्ही शहरांचे नाते सुखाच्या धाग्याने जोडले गेले.

खंडेरावांनी जमवलेले जवाहीरही बडोद्यात राहिले नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर महाराज प्रतापसिंहराव आणि सीतादेवी यांच्या काळात त्यातले बरेच परदेशी गेले. मोत्यांचा गालिचा २००९ मध्ये दोह्यात लिलावात विकला गेला. मल्हाररावांच्या वाट्याला त्या खजिन्यातली चिमूटभर पूड तेवढी आली. ती त्यांनी घातली होती की नाही, याचा निवाडा सहा न्यायाधीशांना करता आला नाही. पण १८६३ चा आरोप नीट तपासला गेला असता आणि गादी मिळाल्यावर सूडाऐवजी न्याय केला असता, तर त्या पुडीचा संशय त्यांच्यावर इतक्या सहजतेने कोणी घेतला असता का, हा प्रश्न उरतोच.