विश्लेषण : आयबीएम आणि एन्रॉनचा लोगो एकाच डिझायनरचा! चांगला लोगो व्यवसाय घडवतो का?

दुकान असो, स्टार्टअप असो की घरगुती मसाल्यांचा ब्रँड. नाव ठरले की लगेच लोगोचा विषय निघतो. मोबाइल अॅपवर तो काही मिनिटांत तयारही होतो. पण चांगला लोगो नेमका कशाला म्हणायचे आणि त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची? अमेरिकी ग्राफिक डिझायनर पॉल रँड यांच्या आयुष्यात या प्रश्नांची उत्तरे सापडतात. आयबीएमचा आडव्या पट्ट्यांचा लोगो त्यांनी केला आणि दाभोळ वीज प्रकल्पामुळे महाराष्ट्राला माहीत झालेल्या एन्रॉनचा तिरका ‘ई’देखील त्यांचाच. एक कंपनी आजही उभी आहे, दुसरी घोटाळ्यात बुडाली.

पॉल रँड कोण होते?

रँड यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१४ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, सनातनी ज्यू कुटुंबात झाला. मूळ नाव पेरेट्झ रोझेनबाउम. वडिलांचे किराणा दुकान होते आणि त्याच्या पाट्या लहानगा पेरेट्झ रंगवत असे. चित्रकलेवर पोट भरेल यावर वडिलांचा विश्वास नव्हता. त्यामुळे दिवसा नेहमीची शाळा आणि रात्री प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये कलेचे वर्ग, अशी तडजोड झाली. बरेचसे शिक्षण मात्र युरोपातून येणारी डिझाइनची मासिके पाहूनच झाले.

कामाच्या शोधात असताना त्यांनी नाव बदलले. पेरेट्झचे पॉल झाले आणि रँड हे आडनाव नात्यातून घेतले. रोमन लिपीत नावात चार अक्षरे, आडनावातही चार. लक्षात राहायला सोपे आणि दिसायला नेटके. त्यांनी घडवलेला पहिला ब्रँड म्हणजे हे नावच, असे त्यांच्याविषयी म्हटले जाते. पुढे मासिकांची मुखपृष्ठे आणि जाहिराती करत त्यांनी नाव कमावले. १९४७ मध्ये त्यांचे ‘थॉट्स ऑन डिझाइन’ हे पुस्तक आले. १९५६ पासून ते येल विद्यापीठात शिकवू लागले.

आयबीएमच्या लोगोत त्यांनी काय केले?

१९५६ मध्येच थॉमस वॉटसन ज्युनियर यांच्या नेतृत्वाखालील आयबीएमने रँड यांना बोलावले. कंपनी जुनी, नाव प्रस्थापित. रँड यांनी सगळे मोडून नवे करण्याचा आग्रह धरला नाही. तीच तीन अक्षरे त्यांनी अधिक ठसठशीत वळणात बसवली. बदल इतका बेताचा होता की ग्राहकाला कंपनी परकी वाटली नाही.

एक अडचण उरली होती. रोमन ‘आय’ अरुंद, ‘बी’ त्याहून रुंद आणि ‘एम’ सर्वांत रुंद. त्यामुळे तीन अक्षरे एकसंध दिसत नव्हती. आडव्या समांतर पट्ट्यांनी ती एकत्र बांधली गेली. आठ पट्ट्यांचा हा लोगो १९७२ मध्ये आला आणि ५० वर्षांनंतरही वापरात आहे. म्हणजे पट्ट्या केवळ सजावट म्हणून आल्या नव्हत्या, त्यांनी एक नेमका प्रश्न सोडवला होता.

साधेपणावर एवढा भर का?

१९६१ मध्ये यूपीएस या पार्सल कंपनीसाठी रँड यांनी ढालीच्या आकारावर दोरीने बांधलेले खोके ठेवले. चित्र लहान मुलीला दाखवल्यावर तिला ती भेटवस्तू वाटली आणि आपले काम जमल्याची खात्री पटली, अशी आठवण ते सांगत. १९६२ मध्ये एबीसी दूरचित्रवाहिनीसाठी त्यांनी तीन लहान रोमन अक्षरे वर्तुळांतून घडवली आणि ती एका मोठ्या वर्तुळात बसवली. किरकोळ फेरफार सोडले तर ते चिन्ह आजही पडद्यावर दिसते. लोगोने व्यवसायाचे वर्णन केलेच पाहिजे, असे रँड मानत नसत. त्याने ओळख पटवावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

नव्या कंपनीसाठी केलेला लोगो किती चालला?

अॅपलमधून बाहेर पडल्यावर स्टीव्ह जॉब्स यांनी ‘नेक्स्ट’ ही कंपनी काढली. १९८६ मध्ये लोगोसाठी ते रँड यांच्याकडे गेले. जॉब्स यांना निवडीसाठी काही पर्याय हवे होते. रँड यांनी नकार दिला. एकच उत्तर मिळेल. वापरा किंवा वापरू नका, पैसे मात्र द्यावे लागतील, ही त्यांची अट. मानधन १ लाख डॉलर. बदल्यात मिळाला २८ अंशांत कललेला काळा ठोकळा. त्यावर दोन ओळींत दोन-दोन अक्षरे, त्यातले ‘ई’ तेवढे लहान लिपीतले, गोल. सोबत ही रचना का केली, हे टप्प्याटप्प्याने सांगणारी पुस्तिका.

जॉब्स खूश झाले. पण संगणक बाजारात आला १९८८ मध्ये. महाग असल्याने तो फारसा विकला गेला नाही आणि १९९३ मध्ये कंपनीने संगणक बनवणे थांबवले. लोगोत खोट नव्हती. त्याच्यामागे ग्राहक उभे राहिले नाहीत.

मग एन्रॉनचे काय झाले?

एन्रॉनचा लोगो हे रँड यांच्या अखेरच्या कामांपैकी एक. २६ नोव्हेंबर १९९६ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. लोगोच्या पहिल्या आराखड्यातली पिवळी पट्टी फॅक्स आणि फोटोकॉपीत नाहीशी होत असे, म्हणून तिथे हिरवा रंग आला. डिसेंबर २००१ मध्ये हिशेबातले घोटाळे उघड होऊन कंपनी दिवाळखोरीत गेली. त्यानंतर अमेरिकेत त्याच चिन्हाला ‘वाकडा ई’ असे हिणवले जाऊ लागले. आकार तोच, अर्थ उलटा. लोगोला अर्थ मिळतो तो कंपनीच्या कामातून, हे रँड यांनी स्वतःच लिहून ठेवले होते.

नव्या व्यावसायिकाने काय लक्षात घ्यावे?

लोगो पूर्ण काळ्या-पांढऱ्यात करून पाहा. व्हॉट्सअॅपच्या डीपीएवढा लहान करा, पावतीवर छापा, पाटीवर मोठा करून लांबून बघा. रंग गेल्यावरही तो ओळखू येत असेल तर पाया पक्का आहे. मसाल्याच्या ब्रँडवर मिरची आणि दंतवैद्याच्या पाटीवर दात असलाच पाहिजे असे नाही. शेजारच्या दुकानापेक्षा वेगळे दिसणे अधिक गरजेचे. दहा पर्याय मागवण्याआधी आपली नेमकी अडचण डिझायनरला सांगा. एकदा ठरलेला लोगो दर सणाला बदलू नका. आणि पहिल्या दिवशी तो रिकामा वाटला तर घाबरू नका. त्यात भर पडते ती मालाच्या दर्जाची आणि वेळेवर केलेल्या कामाची.

रँड यांच्या निधनानंतर महिनाभराच्या आत अॅपलने नेक्स्ट विकत घेत असल्याचे जाहीर केले. काळा ठोकळा इतिहासजमा झाला. त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर मात्र पुढे मॅक आणि आयफोनची प्रणाली उभी राहिली.