शहाबादच्या चुन्याचा ताप आणि जर्मेन हेस यांचा हिशेब

चुन्याच्या कळीवर पाणी ओतलं की ती तडतडते, वाफ सोडते, हात भाजेल इतकी तापते. शहाबाद-वाडीच्या चुनखडी पट्ट्यात हे कुणाला नवं नाही. अशा उष्णतेचा हिशेब जमवणारा माणूस मात्र फार दूरचा: जर्मेन हेन्री हेस.

जन्म १८०२ चा, जिनिव्हाचा. वडील चित्रकार, त्यांना रशियात शिक्षकाचं काम मिळालं आणि तीन वर्षांच्या पोराला घेऊन घर तिकडे गेलं. हेस डॉर्पटला डॉक्टर झाले, स्टॉकहोमला बर्झेलियसकडे थोडे दिवस रसायनशास्त्र शिकले, सायबेरियात इर्कुत्स्कला डॉक्टरकी केली आणि १८३० मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत आले. तिथं त्यांनी रसायनशास्त्राचं पाठ्यपुस्तक लिहिलं, तेही रशियनमध्ये. ते अनेक वर्षं चाललं. घरची भाषा एक, कामाची दुसरी, हे सीमाभागाला वेगळं सांगायला नको.

खरं नाव झालं ते आम्ल आणि अल्कलीच्या प्रयोगांनी. हेस यांनी सल्फ्युरिक आम्ल कमी-जास्त पाणी घालून पातळ केलं आणि अमोनियाच्या द्रावणात मिसळलं. जास्त पातळ आम्लातून उष्णता कमी निघायची. पण आम्लात पाणी घालतानाही ते तापतंच. ती आधीची उष्णता मिळवली की बेरीज दरवेळी सारखीच! १८४० मध्ये त्यांनी नियम मांडला: सुरुवात आणि शेवट तोच असेल, तर वाट कुठलीही धरा, एकूण उष्णता तेवढीच. ऊर्जेच्या अक्षय्यतेवरचा मायर यांचा लेख आला १८४२ मध्ये, म्हणजे त्यानंतर.

याचा आपल्याकडे उपयोग काय? धगधगत्या भट्टीत चुनखडी किती उष्णता खाते, हे थेट मोजणं अवघड. मग चुनखडीचा तुकडा हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायचा, उष्णता मोजायची. तसंच कळीच्या चुन्याचं करायचं. दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे उत्तर. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडीला साधारण १७८ किलोज्यूल. सिमेंट पाण्यानं किती तापेल, हेही कोरडं आणि भिजून घट्ट झालेलं सिमेंट आम्लात विरघळवून असंच काढतात. धरणाच्या जाड काँक्रीटला याच तापानं तडे जातात, म्हणून हा आकडा लागतो.

प्रकृतीनं हेस यांना साथ दिली नाही. १८५० मध्ये, अवघ्या ४८ व्या वर्षी, ते सेंट पीटर्सबर्गला वारले. चांदी आणि टेल्युरियमच्या एका खनिजाला हेसाइट हे नाव मात्र त्यांच्या हयातीतच मिळालं होतं.